नोंद तशी पावती : परिणामकारक रेझ्युमे कसा लिहावा?

बँकेच्या दैनंदिन कामकाजात एक साधा दंडक पाळला जातो. खातेवहीत जी रक्कम लिहिली जाते, तिच्यामागे व्हाउचर असावे लागते. आणि जे व्हाउचर हाती आले, त्याची नोंद खातेवहीत व्हावीच लागते. नोंद आहे पण व्हाउचर नाही, तर लेखापरीक्षक आक्षेप घेतो. व्हाउचर आहे पण नोंद नाही, तर खातेदाराचे नुकसान होते.

नोकरीसाठी लिहावयाच्या रेझ्युमेला हाच दंडक तंतोतंत लागू पडतो. तथापि अनेक रेझ्युमेंमध्ये या दोन्ही चुका एकाच वेळी आढळतात. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘नेतृत्वगुणसंपन्न’ अशा, व्हाउचर नसलेल्या नोंदींची तेथे रेलचेल असते. आणि वर्षानुवर्षे खरोखरीच केलेल्या कामाची मात्र कोठे नोंदच नसते. पहिल्या चुकीने अर्जदाराची विश्वासार्हता उणावते, दुसरीने त्याची संधी हुकते. यांपैकी दुसरी चूक अधिक क्लेशकारक म्हणावी लागेल, कारण ती बहुधा प्रामाणिक माणसांकडूनच होते. आपण केलेले काम हे ‘अनुभव’ या सदरात मोडते, हेच त्यांना ठाऊक नसते.

प्रस्तुत लेखात रेझ्युमेचे स्वरूप, त्याची पूर्वतयारी, लेखन आणि पडताळणी यांचा क्रमाने विचार केला आहे.

बायोडाटा, सी.व्ही. आणि रेझ्युमे

आपल्याकडे ‘बायोडाटा’ हा शब्द दोन प्रसंगी वापरला जातो : विवाह जुळवताना आणि नोकरी शोधताना. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे नोकरीच्या अर्जातही उंची, वर्ण, जात, वडिलांचा व्यवसाय, भावंडांची संख्या असा तपशील डोकावतो. नोकरी देणाऱ्या संस्थेला प्राथमिक निवडीच्या वेळी यांपैकी कशाचीही आवश्यकता नसते. आरक्षणासाठी प्रवर्ग नमूद करावयाचा असेल, तर त्यासाठी विहित अर्जात स्वतंत्र रकाना असतो.

‘करिक्युलम व्हिटे’ अर्थात सी.व्ही. हा मूळ लॅटिन शब्दप्रयोग असून ‘जीवनाचा क्रम’ असा त्याचा अर्थ होतो. अध्यापन आणि संशोधन या क्षेत्रांत तो प्रचलित आहे. प्रकाशित निबंध, परिषदा, मार्गदर्शन यांची पूर्ण सूची त्यात येत असल्याने तो अनेक पृष्ठांचा होऊ शकतो. ‘रेझ्युमे’ हा शब्द फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘सारांश’. अनुभव अल्प असल्यास एक पृष्ठ आणि दीर्घ असल्यास दोन पृष्ठे ही त्याची योग्य मर्यादा होय. सारांश म्हटला की निवड आली. आणि निवड म्हटली की, ती कोणासाठी करावयाची, हा प्रश्न आला.

पाचशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज

या प्रश्नाचे उत्तर एका ऐतिहासिक पत्रातून उत्तम प्रकारे मिळते. सुमारे १४८२ मध्ये लिओनार्दो दा विंची याने मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्याकडे काम मिळावे म्हणून एक पत्र तयार केले. त्याचा मसुदा मिलान येथील अँब्रोसियाना ग्रंथालयातील ‘कोडेक्स अटलांटिकस’ या संग्रहात आजही जतन केलेला आहे. ज्याची ओळख आज जग चित्रकार म्हणून देते, त्या लिओनार्दोने या पत्रात चित्रकलेचा उल्लेख अगदी अखेरीस केला आहे. आरंभी क्रमांकवार मुद्दे आहेत ते हलके व वाहून नेण्याजोगे पूल, किल्ल्यांना वेढा घालण्याच्या युक्त्या, तोफा, आच्छादित रणगाडे यांचे. शांततेच्या काळात इमारती उभारणे व पाणी वाहून नेणे ही कामे त्यानंतर येतात आणि शिल्प व चित्र सर्वांत शेवटी.

या क्रमामागे कारण होते. इटलीतील नगरराज्ये तेव्हा परस्परांशी सतत संघर्षात गुंतलेली होती, आणि राज्यकर्त्याची पहिली गरज चित्रकाराची नसून युद्धतंत्रज्ञाची होती. लिओनार्दोने आपल्याला काय आवडते यापेक्षा वाचणाऱ्याला काय हवे आहे, याला अग्रक्रम दिला. पत्राच्या शेवटी त्याने आणखी एक गोष्ट केली. यांपैकी काही कोणास अशक्य वाटल्यास, आपण त्याचे प्रात्यक्षिक करून दाखविण्यास तयार आहोत, असे त्याने नमूद केले. वाचणाऱ्याच्या गरजेनुसार क्रम आणि लिहिलेल्या शब्दाच्या पडताळणीची तयारी, ही परिणामकारक रेझ्युमेची दोन्ही मूलतत्त्वे या पत्रात आढळतात.

लेखनापूर्वी खतावणी

रेझ्युमे लिहावयास बसण्यापूर्वी एका साध्या वहीत स्वतःची खतावणी करावी. दहावी उत्तीर्ण झाल्यापासून आजपर्यंतचे प्रत्येक वर्ष क्रमाने लिहावे आणि त्यापुढे चार रकाने आखावेत : त्या वर्षी काय केले, किती केले, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्याचा पुरावा काय.

या वहीत पगारी नोकरीच लिहावी असे नाही. घरच्या किराणा दुकानाचे हिशेब, शेतमालाची बाजार समितीत केलेली विक्री, शिकवणीचे वर्ग, बचत गटाचे सचिवपद, गृहनिर्माण संस्थेच्या खजिनदाराचे काम, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, हे सर्व येथे यावे. बचत गटाच्या सचिव म्हणून सभेचे इतिवृत्त लिहिणारी, कर्जाचे हप्ते नोंदवणारी आणि बँकेत नियमित व्यवहार करणारी गृहिणी लेखापालनाचेच काम करीत असते. ‘मी काहीच करीत नाही, घरीच असते’ हे तिचे वाक्य तिच्या नम्रतेचे द्योतक असले, तरी वस्तुस्थितीला धरून नसते.

पुराव्याच्या रकान्यात प्रमाणपत्र, अनुभवपत्र, पासबुकातील नोंद, वेतनचिठ्ठी अथवा काम प्रत्यक्ष पाहिलेल्या जबाबदार व्यक्तीचा संदर्भ लिहावा. ज्या ओळीसमोर हा रकाना रिकामा राहील, ती ओळ रेझ्युमेत घ्यावी की नाही, याचा दोनदा विचार करावा. ही वही एकदा सिद्ध झाली की पुढे प्रत्येक अर्जाच्या वेळी तिच्यातून योग्य त्या नोंदी निवडावयाच्या असतात. वही एकच राहते. रेझ्युमे मात्र पदानुसार बदलतो.

एक उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी राहणारी एक वाणिज्य पदवीधर तरुणी. शिक्षण संपल्यावर तीन वर्षे तिने एका सहकारी पतसंस्थेसाठी पिग्मी ठेवी गोळा केल्या. रोज दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत बाजारपेठेतून पायी फिरून भाजीवाले, शिंपी, चहावाले, केशकर्तनालयवाले यांच्याकडून पैसे घ्यावयाचे, यंत्रावर पावती द्यावयाची आणि रोख भरणा करावयाचा, असे ते काम. आता एका लघुवित्त बँकेतील क्षेत्रीय अधिकाऱ्याच्या पदासाठी तिला अर्ज करावयाचा आहे. सायबर कॅफेतून तयार करून घेतलेल्या तिच्या रेझ्युमेत मजकूर आहे तो असा :

उद्दिष्ट : नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीस हातभार लावणे.
अनुभव : नाही (फ्रेशर).
गुण : मेहनती, सकारात्मक दृष्टिकोन, संघभावना.
छंद : वाचन, संगीत ऐकणे.

‘फ्रेशर’ या एका शब्दाने तीन वर्षांची पायपीट पुसली गेली. नेमणुकीचे पत्र नव्हते, मासिक वेतन नव्हते, केवळ कमिशन होते. म्हणून ती नोकरी नव्हे आणि नोकरी नव्हती म्हणून अनुभव नव्हे, असा हिशेब तिने मनाशी मांडला. वस्तुतः ज्या पदासाठी ती अर्ज करीत आहे, त्या पदाचे निम्मे काम तिने आधीच केलेले आहे. वरील खतावणीच्या पद्धतीने हीच नोंद पुढीलप्रमाणे होईल :

पिग्मी ठेव प्रतिनिधी (कमिशन तत्त्वावर), सहकारी पतसंस्था. जून २०२२ ते मे २०२५.
१. बाजारपेठेतील लहान व्यावसायिकांकडून दररोज ठेव संकलन. तीन वर्षांत खातेदारांची संख्या ७५ वरून १२० वर.
२. अखेरच्या वर्षातील सरासरी मासिक संकलन सुमारे ३ लाख रुपये.
३. संकलित रकमेचा नियमित भरणा आणि यंत्रातील नोंदींशी दररोज ताळमेळ.

या नोंदीत एकही विशेषण नाही. तरीही वाचणाऱ्याला मेहनत दिसते, सचोटी दिसते आणि लोकांशी वागण्याची हातोटीही दिसते. आकडेही हवेतून आलेले नाहीत. १२० खातेदार, प्रत्येकी सरासरी १०० रुपये आणि महिन्याचे २५ दिवस धरले की ३ लाख रुपये होतात. आणि संकलन यंत्राच्या मासिक गोषवाऱ्यावरून तो आकडा पडताळून पाहता येतो. आकडा अंदाजाचा असेल तर त्यापूर्वी ‘सुमारे’ हा शब्द अवश्य लिहावा.

‘कमिशन तत्त्वावर’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. तेथे ‘सहायक लेखापाल’ अथवा ‘कर्मचारी’ असे लिहिण्याचा मोह होऊ शकतो. तसे लिहिल्यास पतसंस्थेकडे केलेल्या एका दूरध्वनीने संपूर्ण रेझ्युमे संशयास्पद ठरेल. खरे पदनाम लहान वाटले, तरी त्याखालील काम मोठे असू शकते.

तिचे ‘उद्दिष्ट’ही बदलावयास हवे. आपल्याला काय मिळवावयाचे आहे, हे सांगण्याऐवजी आपण काय देऊ शकतो, हे दोन-तीन ओळींत सांगणे अधिक उपयुक्त ठरते. उदाहरणार्थ : ‘वाणिज्य पदवीधर. रोख संकलन, दैनंदिन ताळमेळ आणि लहान व्यावसायिकांशी संपर्क यांचा तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव. टॅलीवर प्राथमिक लेखानोंदी करता येतात.’

मुलाखतीत याचा आणखी एक लाभ होतो. ‘आपले बलस्थान कोणते?’ या ठरावीक प्रश्नाऐवजी मुलाखतकार विचारील, ‘एखाद्या दिवशी रोख कमी भरली, तेव्हा काय केलेत?’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करावे लागत नाही. ते जगून झालेले असते.

रचना आणि क्रम

रेझ्युमेच्या शिरोभागी नाव, भ्रमणध्वनी क्रमांक, ई-मेल पत्ता आणि शहर एवढा मजकूर पुरेसा होय. नावाचे लेखन दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच असावे. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्र अथवा विवाहनोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. ई-मेल पत्ता साधा, स्वतःच्या नावाचा असावा. महाविद्यालयीन काळात गमतीने घेतलेला पत्ता येथे शोभत नाही.

त्यानंतर वर दाखविल्याप्रमाणे दोन-तीन ओळींचा गोषवारा द्यावा. अनुभव असल्यास तो प्रथम आणि शिक्षण नंतर, तर नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराने शिक्षण प्रथम लिहावे. दोन्ही सदरांत ताजी नोंद वर आणि जुनी खाली, असा उलट कालक्रम ठेवावा. प्रत्येक नोंदीत महिना व वर्ष द्यावे. केवळ वर्ष लिहिल्यास डिसेंबर ते जानेवारी ही दोन महिन्यांची नोकरीही दोन वर्षांची भासते, आणि वाचणाऱ्याला तो लबाडीचा प्रकार वाटू शकतो.

गुणांची टक्केवारी गुणपत्रिकेवरून जशीच्या तशी घ्यावी. ५९.९९ टक्के म्हणजे ६० टक्के नव्हेत. बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत हे स्पष्टपणे नमूद केलेले असते. श्रेणीपद्धती असल्यास संबंधित विद्यापीठाच्या सूत्रानेच रूपांतर करावे. स्वतःचे सूत्र वापरू नये.

भाषांच्या बाबतीत वाचन, लेखन आणि संभाषण यांची पातळी स्वतंत्रपणे सांगावी. इंदूर, बडोदा, हैदराबाद येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांत मराठी बोलली जाते, मात्र शालेय शिक्षण अन्य भाषेत झालेले असते. याउलट, महाराष्ट्रातून परराज्यात गेलेल्या उमेदवाराला तेथील भाषा बोलता येते, पण लिहिता येत नाही. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत लिपिकवर्गीय पदांसाठी संबंधित राज्याच्या भाषेचे ज्ञान आवश्यक असते. तेव्हा या रकान्यातील अतिशयोक्ती फार काळ टिकत नाही.

संगणकीय कौशल्याबाबत ‘संगणकाचे ज्ञान’ एवढेच लिहिणे म्हणजे काहीच न लिहिण्यासारखे होय. ‘एक्सेलमध्ये मासिक जमाखर्चाचा तक्ता व सूत्रे तयार करता येतात’ हे वाक्य अधिक बोलके आहे.

काय टाळावे?

आधार क्रमांक, पॅन क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि स्वाक्षरीची प्रतिमा रेझ्युमेत कधीही देऊ नये. रेझ्युमे अनेक हातांत व अनेक संगणकांत फिरतो. या तपशिलाचा गैरवापर होण्याचा धोका मोठा असतो. निवड निश्चित झाल्यावर संस्था अधिकृत मार्गाने ही माहिती मागते. जाहिरातीत मागणी नसल्यास छायाचित्र, धर्म आणि वैवाहिक स्थितीही देण्याचे कारण नाही.

बँकेत अथवा वित्तसंस्थेत काम केलेल्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. आपल्या कामाचे महत्त्व सांगताना ग्राहकाचे नाव, त्याच्या खात्यातील शिल्लक अथवा कर्जाचा तपशील लिहू नये. ‘अमुक उद्योगसमूहाचे कर्जखाते हाताळले’ असे लिहिणारा अर्जदार, उद्या नव्या संस्थेची गुपितेही अशीच बाहेर सांगेल, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनात येते. ‘मध्यम उद्योगांच्या खेळत्या भांडवलाच्या प्रस्तावांची छाननी’ एवढे म्हटले, तरी कामाचे स्वरूप पुरेसे स्पष्ट होते.

दुसऱ्याचा रेझ्युमे नकलणे, हा दोष पूर्वीपासूनच चालत आला आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने क्षणार्धात सफाईदार मजकूर तयार करून देतात. व्याकरण तपासण्यासाठी अथवा पाल्हाळ कमी करण्यासाठी त्यांचा उपयोग जरूर करावा. तथापि अशी साधने आपल्याला न येणारी कौशल्येही सहजपणे आपल्या नावे जमा करू शकतात. मजकूर कोणीही लिहून दिलेला असो, त्याखाली नाव अर्जदाराचे असते आणि उत्तरेही त्यालाच द्यावी लागतात.

खंड आणि अपयश

आजारपण, आईवडिलांची शुश्रूषा, बाळंतपण, स्पर्धा परीक्षांची तयारी अथवा कंपनी बंद पडणे, अशा कारणांनी कामात खंड पडतो. तो झाकण्यासाठी तारखा ओढूनताणून जुळविण्याची प्रवृत्ती दिसते. त्यापेक्षा एका ओळीत खरे कारण सांगणे श्रेयस्कर : ‘जुलै २०२१ ते मार्च २०२४ : कौटुंबिक जबाबदारी, या काळात जीएसटी लेखांकनाचा अभ्यासक्रम पूर्ण.’ याहून अधिक स्पष्टीकरण देण्याची गरज नसते.

स्पर्धा परीक्षांत काही वर्षे घालवूनही अंतिम निवड न झालेल्या उमेदवारांची स्थिती विशेष नाजूक असते. ती वर्षे वाया गेली, असा समज करून घेऊन ते त्यांविषयी मौन बाळगतात. पूर्वपरीक्षा अथवा मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा निकाल उपलब्ध असल्यास तो वर्षासह अवश्य नमूद करावा. अभ्यासिका चालविली असेल, इतरांना शिकविले असेल, तर तेही लिहावे. अपयशाचेही व्हाउचर असते, आणि पुष्कळदा त्यात चिकाटीचा पुरावा दडलेला असतो.

पडताळणीची कसोटी

रेझ्युमे मान्य झाला म्हणजे काम संपले, असे नव्हे. आज अनेक संस्था नियुक्तीपूर्वी अथवा नियुक्तीनंतर उमेदवाराच्या पूर्वेतिहासाची पडताळणी करतात. भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०१४ पासून प्रत्येक सभासदाला १२ अंकी सार्वत्रिक खाते क्रमांक देण्यास प्रारंभ केला. त्यामुळे कोणत्या आस्थापनेत केव्हा रुजू झाला आणि केव्हा सोडले, याची नोंद एका ठिकाणी दिसते. अर्ज करण्यापूर्वी उमेदवाराने हा सेवा-इतिहास स्वतः पाहून घ्यावा. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख नोंदवलीच नसेल अथवा चुकीची नोंदवली असेल, तर ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी; अन्यथा दोन नोकऱ्या एकाच काळात केल्यासारखे दिसते.

पदवी व गुणपत्रिका डिजिलॉकरवर उपलब्ध असल्यास त्या तेथे घेऊन ठेवाव्यात. बँकेत नोकरी करू इच्छिणाऱ्यांनी आपला पतइतिहासही तपासावा. बँकांच्या भरतीच्या जाहिरातींत कर्ज अथवा क्रेडिट कार्डाच्या थकबाकीविषयी अटी आढळतात. शैक्षणिक कर्जाचे थकलेले हप्ते हा विषय मुलाखतीनंतर नव्हे, तर अर्जापूर्वी हाताळावयाचा असतो. त्यासाठी कर्ज देणाऱ्या शाखेशी मोकळेपणाने बोलावे.

विहित पडताळणी अर्जात विचारलेली माहिती दडविण्याचे परिणाम गंभीर असू शकतात. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये या विषयाचा ऊहापोह केला. उमेदवाराने दिलेली माहिती सत्य असली पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्याचबरोबर, दडविलेली बाब क्षुल्लक आहे की गंभीर, याचा विचार मालकाने करावा, असेही सांगितले. सत्य सांगणाऱ्याला विचार होण्याची संधी मिळते. लपविणारा बहुधा ती स्वतःच्या हाताने घालवितो.

भाषा आणि तांत्रिक बाजू

रेझ्युमेची वाक्ये तुटक, क्रियानिष्ठ आणि अल्पाक्षरी असावीत. ‘माझ्याकडे रोखपालाची जबाबदारी सोपविण्यात आलेली होती’ यापेक्षा ‘रोखपाल काउंटर, दररोज सरासरी १५० व्यवहार’ हे अधिक नेमके. मराठी वृत्तपत्रे, शिक्षणसंस्था, स्वयंसेवी संस्था यांच्याकडे अर्ज मराठीतून करावयाचा असल्यास मजकूर युनिकोडमध्येच टंकलिखित करावा. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या संगणकावर अनाकलनीय चिन्हांच्या रूपात उघडतो, आणि असा अर्ज वाचण्यापूर्वीच बाद होतो.

मोठ्या कंपन्यांत प्रथम छाननी संगणकप्रणाली करतात. रंगीत पट्ट्या, चौकटी, चित्रे, दोन स्तंभांची मांडणी यांमुळे मजकूर वाचताना या प्रणाली गोंधळू शकतात. यास्तव मांडणी साधी ठेवावी. जाहिरातीतील शब्द, ते आपल्याला खरोखर लागू असतील तर, त्याच रूपात वापरावेत. संस्थेने अन्य प्रकार मागितला नसल्यास फाईल पीडीएफ स्वरूपात पाठवावी आणि तिला स्वतःचे नाव द्यावे. ‘रेझ्युमे नवीन अंतिम २’ अशा नावाने ती पाठवू नये.

रेझ्युमेसोबतच्या पत्रात तीन छोटे परिच्छेद पुरतात : कोणत्या पदासाठी अर्ज आहे, त्या पदाला उपयुक्त असे आपले एक ठळक काम कोणते, आणि मुलाखतीसाठी केव्हा उपलब्ध आहोत. रेझ्युमेतील मजकूर पत्रात पुन्हा लिहू नये.

बँकिंग क्षेत्र आणि रेझ्युमे

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांत लिपिक व परिविक्षाधीन अधिकारी या पदांची भरती विहित ऑनलाइन अर्ज व स्पर्धा परीक्षा यांद्वारे होते. भारतीय स्टेट बँक ही भरती स्वतः करते, तर सार्वजनिक क्षेत्रातील अन्य बँकांसाठी आयबीपीएस ही संस्था परीक्षा घेते. तेथे आरंभी रेझ्युमेला स्थान नसते. मात्र विशेषज्ञ व कंत्राटी पदांसाठी, तसेच खासगी बँका, लघुवित्त बँका आणि वित्तकंपन्यांमध्ये तो मागितला जातो.

हा विषय केवळ तरुणांचा आहे, असेही नाही. निवृत्त बँक अधिकाऱ्यांना ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत प्रशिक्षक म्हणून, वित्तीय साक्षरता केंद्रांत समुपदेशक म्हणून अथवा समवर्ती लेखापरीक्षणाच्या कामी संधी मिळू शकते. पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर आयुष्यातील पहिला रेझ्युमे लिहावयास बसलेला अधिकारी बहुधा सर्व बदल्यांची आणि पदोन्नतींची यादी देतो. वाचणाऱ्याला मात्र हवे असते वेगळेच : किती कर्जप्रस्ताव तपासले, किती थकीत खाती वसूल झाली, किती नवीन सहकारी घडविले. सेवेत असणाऱ्यांनीही जेएआयआयबी, सीएआयआयबी, प्रशिक्षणे आणि विशेष कामगिरी यांची खतावणी दरवर्षी मार्चअखेरीस पूर्ण करावी. जेथे वर्षाचे हिशेब मिटतात, तेथे हाही एक मिटावा.

सावधानतेचा इशारा

रेझ्युमे संकेतस्थळावर ठेवल्यावर अनोळखी दूरध्वनी येऊ लागतात. ‘आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क अथवा अनामत रक्कम भरा’ असा निरोप आल्यास तो फसवणुकीचा समजावा. नियुक्तीपत्र देण्यासाठी कोणतीही प्रतिष्ठित संस्था उमेदवाराकडून पैसे, ओटीपी अथवा एटीएम कार्डाचा तपशील मागत नाही. पगार जमा करण्याच्या नावाखाली आपले खाते दुसऱ्याला वापरावयास देणे हाही गुन्ह्यात अडकण्याचा मार्ग आहे. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या शाखेस कळवावे. नोकरी शोधणाऱ्यांसाठी केंद्र शासनाचे राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ २०१५ पासून कार्यरत असून तेथील नोंदणी विनामूल्य आहे.

समारोप

रेझ्युमे पाठविण्यापूर्वी प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारावेत. ही ओळ खरी आहे काय? तिचा पुरावा देता येईल काय? आणि ज्या पदासाठी अर्ज आहे, त्या पदाला तिचा काही उपयोग आहे काय? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तरच ती ओळ ठेवावी. त्यानंतर चौथा प्रश्न स्वतःला विचारावा : आपले कोणते काम लिहावयाचे राहून गेले?

हा चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. बाजारपेठेतून तीन वर्षे रोज फिरणाऱ्या त्या तरुणीच्या हाती दररोज शेकडो लोकांची पुंजी नव्हे, तर शंभर-सव्वाशे लोकांचा विश्वास असे. प्रत्येक दहा रुपयांची पावती तिने न चुकता फाडली होती. स्वतःच्या श्रमांची पावती मात्र तिने कधी फाडली नव्हती. ती पावती प्रामाणिकपणे, नेमकेपणाने आणि संकोच न बाळगता लिहिणे, यालाच परिणामकारक रेझ्युमे म्हणतात.